आमच्या वधू-वर पोर्टलचा सर्व्हर

१ जानेवारी, बुधवार

संकल्प. रोज रोजनिशी लिहायची. साखर बंद. आमच्या बुद्धविहाराचं वधू-वर पोर्टल या वर्षी एकदाही बंद पडू द्यायचं नाही. आणि वयाला एकोणचाळीस लागायच्या आत स्वतःचंही उरकून टाकायचं. शेवटचा संकल्प पोर्टलवरच अवलंबून असल्याने त्याचा वेगळा विचार करायची गरज नाही.

सकाळच्या चहात आईने साखर टाकलीच होती. उद्यापासून.

पोर्टल उघडत नाही. थर्टी फर्स्टचा लोड असेल.

२ जानेवारी

पोर्टल अजून बंद. नोंद म्हणून लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी मला दोष द्यायला नको.

पोर्टल मी बनवलं, समाजासाठी, फुकट. विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष बाबुराव काका, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. तेव्हा ते म्हणाले होते की होस्टिंग एखाद्या मोठ्या कंपनीचं घे. मी चौकशीसाठी फोन लावत होतो. 'अविरत होस्टिंग'ला लावला, तर पलीकडून मालक आनंद स्वतः बोलला आणि दुसऱ्याच वाक्यात 'काऊन' म्हणाला, आमच्या वऱ्हाडीतलं 'का'. मी विचारलं, गाव कोणतं? मेहकर तालुका. आमच्या गावापासून मधली दोन गावं सोडली की त्याचं. पुण्यात एवढ्या वर्षांत 'काऊन' म्हणणारा होस्टिंगवाला मला पहिल्यांदाच भेटत होता. तीन वर्षांचा प्लॅन घेऊन टाकला. निर्णय योग्यच होता. मोठ्या कंपन्यांत आपल्याला कोण ओळखतं?

५ जानेवारी, रविवार

पोर्टल चालू! आनंदला फोन करायची गरजच पडली नाही. संयम महत्त्वाचा.

सकाळी विहारात वंदना झाल्यावर दीपालीने नवे बायोडेटा दिले. दीपाली मंडळाची सचिव, जिल्हा परिषदेत नोकरीला, बोलायला फटकळ. बायोडेटा मी पोर्टलवर चढवले. त्यात एक नम्रता. अकोल्याची, चिंचवडला नोकरी. अपेक्षा या रकान्यात एकच शब्द: समजूतदार. बाकीच्या मुली पॅकेज, फ्लॅट, पुण्यातच स्थायिक वगैरे लिहितात. मी समजूतदार आहेच.

'इंटरेस्ट पाठवा' हे बटण मीच डिझाइन केलेलं आहे. दुसऱ्यांसाठी शेकडो वेळा टेस्ट केलं होतं. आज स्वतःसाठी दाबलं. सोबत माझा बायोडेटा आपोआप जातो. संपर्कासाठी आईचा नंबर. आमच्याकडे तसंच असतं. मुलगा चाळिशीला आला तरी बोलणी घरच्यांशी करायची, मुलाने मध्ये तोंड घालायचं नाही.

उत्तर पोर्टलवर येईलच. ते मी बघतो.

७ जानेवारी

पोर्टल बंद. उत्तर आलं असेल तरी दिसणार कसं?

९ जानेवारी

संध्याकाळी आईला फोन आला. ती गॅलरीत जाऊन बोलली. आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये तिच्या फोनला रेंज मिळत नाही, माझ्याला मिळते. तिचं सिमकार्ड बदलायला हवं. मी विचारलं कोण, तर म्हणाली की गॅसवाला.

नंतर कारण नसताना शिरा केला, बदाम घालून. साखर बंद आहे हे सांगितलं तर ऐकू आलं नाही असं दाखवलं. खाल्ला. घरच्यांचं मन मोडणं बरं नाही.

झोपताना तिने विचारलं की तुझं ते सरवर चालू झालं का. म्हटलं, नाही. ती म्हणाली, तेच असंल मग बापा.

आईला टेक्निकल विषय चटकन कळतात.

१४ जानेवारी

सपोर्टला तिकीट, म्हणजे ऑनलाइन तक्रार, टाकलं होतं. उत्तर आलं: आपली समस्या सोडवण्यात आली आहे, तिकीट बंद करत आहोत. पोर्टल बंदच. पुन्हा तिकीट टाकलं. ते 'आधीच्या तिकिटाची नक्कल' म्हणून बंद केलं.

मला या पद्धतीचा राग येत नाही. मी स्वतः हडपसरला एका कंपनीत सपोर्टलाच आहे, रोज लोकांची तिकिटं बंद करतो. हे काम किती तणावाचं असतं ते बाहेरच्यांना समजायचं नाही.

२३ जानेवारी

ऑफिसात शेजारी बसणाऱ्या अनिरुद्धचं लग्न तिसऱ्यांदा मोडलं. मंगळ निघाला. तो कँटीनमध्ये निवांत मिसळ खात होता. म्हणाला, आपल्या हातात थोडंच असतं, ग्रहच वाकडा आहे.

आमच्यात पत्रिका बघत नाहीत, त्यामुळे ही सोय नाही. आमच्यात नकार आला की तो सरळ माणसालाच आलेला असतो. हे जरा कडकच आहे. अर्थात मला नकार आलेला नाही. माझा सर्व्हर बंद आहे.

२६ जानेवारी, रविवार

पोर्टल दुपारी थोडा वेळ चालू होतं. तेवढ्यात नम्रताला पुन्हा इंटरेस्ट पाठवला, खात्रीसाठी. पहिला पोचला नसणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज आर या पार. 'अविरत'च्या ऑफिसला सदाशिव पेठेत प्रत्यक्ष गेलो. काय काय सुनवायचं ते स्वारगेटपासून गाडीवर पाठ करत गेलो होतो.

होमिओपॅथीच्या दवाखान्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तनया नावाची मुलगी. मी तक्रार सांगायला सुरुवात केली तर म्हणाली की बसा, पण सपोर्ट फक्त तिकिटावर मिळतो. मी तिच्या समोरच्या खुर्चीत बसून मोबाइलवरून तिकीट टाकलं. तिच्या कॉम्प्युटरवर टिंग झालं. तिने वाचलं, काहीतरी टाइप केलं. माझ्या मोबाइलवर टिंग झालं. आपली समस्या आमच्यासाठी महत्त्वाची आहे, आमची टीम त्यावर काम करत आहे. मी मान वर करून थँक्यू म्हणालो. तिने मान वर न करता सांगितलं की तेही तिकिटावरच टाका.

टीम कुठे आहे हे विचारायचं राहिलं. पण रिस्पॉन्स टाइम चांगला.

मग आनंद आला. मला बघून मिठीच मारली. भाऊ, काऊन एवढं टेन्शन घेता, म्हणाला. चहा मागवला. त्याच्या काकांचं ऑपरेशन, आमच्या शाळेतले गुरुजी, मेहकरच्या बसस्टँडसमोरची भजी, असं सगळं निघालं. सोयाबीनला भाव नाही यावर दोघांचं एकमत झालं. निघताना त्याने आईसाठी गावाकडची तुरीची डाळ दिली. जिन्यात आल्यावर लक्षात आलं की सर्व्हरचा विषय निघालाच नाही. परत वर जाणं बरं दिसलं नसतं.

एकंदर चर्चा सकारात्मक.

१९ फेब्रुवारी

पोर्टल चालू, पण उघडलं की लाल पडदा येतो आणि इंग्रजीत लिहून येतं की ही साइट धोकादायक आहे, इथे तुमची फसवणूक होऊ शकते. साइटच्या सुरक्षेचं सर्टिफिकेट संपलंय, 'अविरत'ने रिन्यू केलं नाही. बाबुराव काकांना तीन मुलींच्या बापांचे फोन आले. काकांनी मला विचारलं की आपण कुणाला फसवतोय का. मी म्हणालो, ती टेक्निकल भाषा असते.

आईचे फोन वाढलेत. हल्ली गॅलरीतच असते. सिमकार्डचं राहिलंच. परवा शिरा, आज साखरभात. तिला स्वयंपाकाचा हुरूप आलाय, उतारवयात असा छंद चांगला. माझं वजन वाढलंय, पण हिवाळ्यात वाढतंच.

३ मार्च, सोमवार

'अविरत'ने बॅकअप टाकला. पोर्टल पूर्ण वेगात चालू. फक्त बॅकअप २०२२ सालचा आहे.

त्यामुळे मधल्या काळात ज्यांची लग्नं झाली ते सगळे पुन्हा अविवाहित झाले. कात्रजच्या एका गृहस्थाला सासूने फोन करून झापलं, त्याने मला झापलं. एक मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला स्थळं येताहेत. आनंदला फोन केला. तो म्हणाला, भाऊ, डेटा तर आला ना? आला होता.

माझ्या प्रोफाइलवर वय छत्तीस दिसतंय. फोटोतले केसही तेव्हाचे. दुरुस्त्या क्रमाने करायच्या ठरवल्या आहेत. आधी इतरांच्या.

९ मार्च, रविवार

दीपालीने कागदावरच्या बायोडेटांवरून नवी प्रोफाइल पुन्हा भरली. नम्रताचं दिसलं नाही म्हणून विचारलं. दीपाली म्हणाली, ते राहू द्या, प्रज्ञेशदादा. कामाचा फार ताण आहे बिचारीवर. मी स्वतः बसून भरलं, ईमेलसकट. मग इंटरेस्ट पाठवला. 'पाठवला जात आहे' असं गोल गोल फिरत राहिलं. बंद करून पुन्हा पाठवला. तसंच. असं बऱ्याचदा केलं.

त्यानंतर मंडळाची मीटिंग. चार मेला परिचय मेळावा, स्वारगेटजवळच्या हॉलमध्ये. नोंदणी पोर्टलवरून घेऊ असं मी जाहीर केलं. कुणी काहीच बोललं नाही, म्हणजे एकमताने मंजूर. मग दीपालीने गुगल फॉर्म बनवला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. घरी पोचेपर्यंत त्यावर बऱ्याच नोंदण्या झाल्या होत्या. तात्पुरती व्यवस्था म्हणून ठीक आहे. मी आडकाठी केली नाही.

२८ मार्च

पोर्टल बंद. काही वाटलं नाही. पूर्वी बंद पडलं की दर मिनिटाला रिफ्रेश करायचो. आता सकाळी उठून बघतो, बंद असतं, दात घासतो. मुरलो असं म्हणायला हरकत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळीच आईला घेऊन स्टेशनजवळच्या पुतळ्याला अभिवादन करून आलो. गर्दी प्रचंड. आईला तिथे इतक्या बायका ओळखतात याची मला कल्पना नव्हती. एक अनोळखी बाई आवाज ऐकून थांबली. म्हणाली, तुम्ही चंद्रभागाबाई ना, आपण फोनवर बोललो होतो, त्या वेळचं माफ करा हं. आई म्हणाली, त्यात काय माफी, पोरीचं मन असतं. दोघी एकमेकींचा हात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी विचारलं कोण. आई म्हणाली, भिशीतली.

आई भिशीत आहे हे मला माहीत नव्हतं.

२० एप्रिल, रविवार

बाबुराव काकांनी सगळ्यांसमोर विचारलं की पोर्टलचा खर्च पुढे चालू ठेवायचा का. 'अविरत'चा प्लॅन मे महिन्यात संपतोय. काकांचा सूर मला आवडला नाही. चार वाक्यं चांगली सुनावणार होतो, पण त्यांचा चहा आला.

आता मात्र कठोर निर्णय. आनंदला न सांगता दुसऱ्या, मोठ्या कंपनीची ट्रायल घेतली. तिथला माणूस इंग्रजीत बोलला आणि गाव विचारलं नाही. जरा कोरडं वाटलं. तरी पोर्टल तिकडे हलवायला सुरुवात केली. आनंदशी प्रतारणा केल्यासारखं रात्री जेवेपर्यंत वाटत होतं. मग तेही वाटेनासं झालं.

१ मे, गुरुवार

ऐतिहासिक दिवस. पोर्टल नव्या सर्व्हरवर चालू. सकाळपासून एकदाही पडलं नाही. रिफ्रेश करून करून बोट दुखलं.

शिवाय जुन्या सर्व्हरवर अडकून पडलेले सगळे मेसेज आज एका दमात सुटले. म्हणजे नम्रताला माझे सर्व इंटरेस्ट आज मिळाले. जानेवारीपासून जे अडलं होतं ते मोकळं झालं. आईला सांगितलं की आजची रात्र टिकला की सर्व्हर एकदम ओके. ती भाजी निवडत होती. हात थांबला तिचा. म्हणाली, इतक्या लवकर?

मेळाव्यासाठी निळा शर्ट इस्त्रीला दिला. नम्रता येईलच. पहिलं वाक्य तयार ठेवलंय.

४ मे, रविवार

मेळावा झाला. लिहायचा कंटाळा आलाय, पण रोज लिहायचं ठरलं आहे.

हॉल भरला होता. पोर्टलबद्दल कुणी विचारलं नाही. मी दाराशी 'तांत्रिक साहाय्य' असा बोर्ड लावून बसलो होतो. लोक बाथरूम कुठे आहे ते विचारून जात होते.

साडेबाराच्या सुमारास एक गृहस्थ आले, पांढरा सदरा, अकोल्याचे निवृत्त शिक्षक. नम्रताचे वडील. धाकट्या मुलाच्या नोंदणीला आले होते. मला फोटोवरून ओळखलं म्हणाले. मी उठून उभा राहिलो. ते फार सभ्यपणे बोलले. मुलीचं फेब्रुवारीतच ठरलंय, याच महिन्यात मंगल परिणय आहे. पण परवा तुमच्या पोर्टलवरून तिला एकदम चौदा-पंधरा मेसेज आले, सगळे तुमचेच. जावईबापूंनी विचारलं हा कोण. तेवढं प्रोफाइल काढता आलं तर बरं होईल.

मी त्यांना समजावून सांगितलं. मेसेज रांगेत कसे अडकतात, जुना सर्व्हर, नवा सर्व्हर, बॅकअप. बराच वेळ सांगत होतो. त्यांनी हात मागे बांधून सगळं ऐकलं. शिक्षक असल्यामुळे सवय असेल.

मग म्हणाले, तुमचा पहिला मेसेज तर पाचलाच मिळाला होता. दोन-चार दिवस विचार करून मी तुमच्या आईंना फोन केला, की मुलीचा विचार जुळत नाही. फार समजदार बाई. नाराज तर झाल्या नाहीतच, उलट पोरीला सदिच्छा दिल्या. फक्त एवढंच म्हणाल्या की पोर्टलवर नकार लिहू नका, माझ्याशी बोललात तेवढं पुरे.

ते गेल्यावर मी प्रोफाइल डिलीट केलं. पोर्टल इतकं वेगात चाललंय की लगेच झालं.

दीपाली शेजारच्या टेबलावर बॅज लावत होती. तिने ऐकलं असावं. मी विचारलं की बाकीचेही आईलाच फोन करतात का. ती म्हणाली, नंबर त्यांचाच आहे, दादा, दुसऱ्या कुणाला करणार? आईंनी मला सांगून ठेवलं होतं की त्याला सर्व्हरचंच कारण आहे असं वाटू दे. मी विचारलं, आजवर किती जणांनी केले असतील. ती म्हणाली, तुम्ही आधी जेवून घ्या.

जेवलो. बुंदी होती, दोनदा घेतली. राग येईल म्हणून वाट बघितली, आला नाही. दुपारच्या सत्रात माइक बिघडला तो मी नीट करून दिला.

घरी आलो तर आई दारातच होती. मेळावा कसा झाला विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली की आलं का रे सरवर?

म्हटलं, नाही. नवा पण बंद पडला.

ती म्हणाली, तरीच.

मग दोघं टीव्हीसमोर बसलो. काय लागलं होतं ते आठवत नाही.

५ मे

पोर्टल चालू आहे.

६ मे

पोर्टल चालू आहे. माझ्याशिवाय कुणी उघडलेलं नाही, नव्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट येतं. 'अविरत' असले रिपोर्ट देत नाही.

आईने विचारलं. बंद आहे म्हणून सांगितलं. त्या पोराला टाकून बोलू नको, आपल्याकडचा आहे, म्हणाली.

७ मे

ऑफिसात दिवसभर तिकिटं बंद केली. घरी येताना गाडी रस्त्याकडेला लावून थोडा वेळ बसलो. इतक्या वर्षांत ती त्या सगळ्यांशी काय बोलली असेल, आवाज कसा ठेवला असेल, याचा विचार करत होतो. रडू येईल असं वाटलं होतं. मागून पीएमटीने हॉर्न दिला म्हणून निघालो.

१० मे, शनिवार

नव्या कंपनीची ट्रायल रद्द केली. त्यांनी कारण विचारलं. यादीतून 'इतर' निवडलं.

आनंदला फोन केला, प्लॅन आणखी तीन वर्षांसाठी रिन्यू करायला. तो खूश झाला. भाऊ, मला वाटलं तुम्ही सोडून चालले, म्हणाला. मग म्हणाला की आता काळजीच नका करू, मी नवाकोरा सर्व्हर घेतलाय, जर्मनीतला, कधी म्हणजे कधी बंद पडणार नाही, तुम्हाला त्याच्यावर टाकतो, आपल्या माणसाकडून जास्तीचं काही घेणार नाही.

मी म्हणालो, नको. जुनाच राहू दे. आईला सवय झाली आहे.